गंगासाठी झालेली प्रार्थना

समुद्रपूरच्या बसस्टँडमागे भूपेंद्रचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटरी यायच्या, तो त्यांतली काळी पडलेली तार उपसायचा आणि नवी भरायचा. दुकानाच्या पाठीलाच घर. त्याची बायको रीता एका सकाळी मागच्या अंगणात चादर वाळत घालत होती, तिथेच तिच्या अंगावरून वारं गेलं. चादरीसकट खाली आली. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ‘हो’, ‘नाई’, ‘पाणी’ असे मोजके मोडके शब्द तेवढे मागे राहिले.

रीता वर्ध्याच्या जुन्या ख्रिस्ती घरातली. तिच्याकडे तीन पिढ्या चर्चमध्ये पेटी वाजत आलेली. भूपेंद्र आंजीच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. पोरीपायी धर्म सोडला, असं त्याच्या घरचे म्हणत. पोरीपायी धर्म घेतला, असं तिच्या घरचे म्हणत. दोन्हीकडचं बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणूनच की काय, जन्मापासूनच्या विश्वासणाऱ्यांपेक्षा तो जास्त कडक झाला. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचा नाही. मंडळीनं त्याला वडील, म्हणजे पंचासारखा कारभारी, नेमलं होतं; कोणाचं पाऊल घसरलं की प्रभाकर पास्टरांबरोबर समज द्यायला भूपेंद्रच जायचा, आणि समज देताना त्याच्या आवाजाला जी धार यायची, ती त्याला स्वतःला मनातून आवडायची.

पास्टरांच्या घराला लागून टिनाचं शेड होतं, तिथे मंडळी भरायची. फार मोठी नाही, पंचवीस-तीस घरांची. रीता पडल्यावर सगळे आलटून पालटून आले, डबे दिले, प्रार्थना केल्या. मग ज्याचा त्याचा संसार ज्याला त्याला दिसू लागला. भूपेंद्रच तिला उठवायचा, पुसायचा, भरवायचा आणि दुकानही चालवायचा. वर्षभरात तो निम्मा झाला. तेव्हा मंडळीतल्या वडीलधाऱ्या प्रमिलाबाईंनी गंगाला आणलं.

गंगा गिरडच्या पलीकडची, जंगलाला लागून असलेल्या गावातली. गोंडाची पोर. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर केलं. पोटासाठी ती समुद्रपूरला आली, प्रमिलाबाईंच्या शेजारी खोली घेऊन राहिली, त्यांच्याबरोबर शेडमध्ये येऊ लागली, आणि पुढे तिनं बाप्तिस्माही घेतला. तिला बायबलातलं वचन समजावून सांगायचं काम पास्टरांनी भूपेंद्रकडेच दिलं होतं. ती खाली बसून ऐकायची आणि मधेच एखादा प्रश्न विचारायची. “देवाले सगळं दिसते, तं मंग मानसानं सांगाचं कायले?” असं एकदा म्हणाली होती.

गंगा आली आणि घराला पुन्हा आवाज आला. ती रीताला न्हाऊ घालताना तिच्याशी अखंड बोलायची, अर्धं मराठीत अर्धं गोंडीत. रीताला गोंडी कळत नव्हती, तरी ती हसायची. तिचं ते वाकडं, एका बाजूचं हसू भूपेंद्रनं कितीतरी दिवसांनी पाहिलं. एक नवा शब्दही तिच्या तोंडी आला. “गंगा.” तो मात्र ती स्पष्ट म्हणायची.

आणि इकडे भूपेंद्रच्या मनात पाप शिरलं.

ते एकदम शिरलं नाही. आधी त्याला फक्त तिच्या येण्याची वेळ कळू लागली. मग दुकानात काम करताना मागून भांड्यांचा आवाज आला की हातातली तार चुकू लागली. मग न्हाल्यानंतर तिनं उन्हात मोकळे सोडलेले केस. तो चाळिशीच्या पुढचा पुरुष होता, आणि दोन वर्षं त्यानं बायकोच्या अंगाला हात लावला होता तो दुखणेकऱ्याच्या अंगाला लावावा तसा. हे सगळं तो देवाला सांगायचा. गुडघ्यांवर बसून, कपाळ फरशीला टेकून सांगायचा. शुक्रवारचा उपास होताच, त्याला बुधवारचा जोडला. दुपारचं जेवण दुकानातच घेऊ लागला. गंगा ताट घेऊन आली की वर न पाहता “ठेव तिथं” म्हणायचा. तिला वाटलं, भाऊ आपल्यावर रागावला. तिनं एकदा विचारलंही, “भाऊ, माह्याकून काही चुकलं का?”

“नाई,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

चैत्रातली दुपार होती. लाइन गेली होती, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मोटरीतली जुनी तार उपसताना तांब्याची बारीक कूस भूपेंद्रच्या तळहातात खोल शिरली. डाव्या हातानं ती निघेना. तो घरात गेला. रीता खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. गंगा उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. “आना इकडं,” ती म्हणाली, गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेली सुई काढली, आणि त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन वाकली. तिचा श्वास त्याच्या तळहाताला लागत होता. कूस निघाली. रक्ताचा थेंब आला, तो तिनं पदरानं टिपला आणि हात सोडला.

भूपेंद्रनं सोडला नाही. त्यानं तिचं मनगट धरलं. धरलं ते सहज धरावं तसं नाही. ओढून धरलं, आणि दुसरा हात तिच्या खांद्यावरून मानेकडे गेला.

गंगा ओरडली नाही. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि अगदी हळू म्हणाली, “भाऊ, वयनी जागी हाये.”

त्यानं वळून पाहिलं नाही. हात सुटला. तो तसाच दुकानातून रस्त्यावर, रस्त्यावरून स्टँडवर गेला आणि एका रिकाम्या बाकावर बसून राहिला.  पण आत कुठेतरी एक आनंदही होता, हे खरं. हात सुटला होता. देवानं सोडवलं, असं तो स्वतःशी म्हणत होता.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ निभावलं असतं. पण संध्याकाळपर्यंत त्याला भीतीनं गाठलं. ही प्रमिलाबाईंना सांगेल. प्रमिलाबाई पास्टरांना सांगतील. ज्या ज्या घरी आपण समज द्यायला गेलो, त्या प्रत्येक घरात उद्या हसतील. आणि भीतीच्याही खाली दुसरं एक होतं: उद्या ती पुन्हा येईल, आणि उद्या रीताला झोप लागलेली असेल.

तो पास्टरांकडे गेला तो सगळं कबूल करायलाच गेला. पुढे कितीही वेळा त्यानं हे आठवून पाहिलं, तरी एवढं त्याला खात्रीनं आठवायचं, की जाताना मनात खोट नव्हती. प्रभाकर पास्टर अंगणात झाडांना पाणी घालत होते. साधा, भला माणूस. भूपेंद्रचा चेहरा पाहून त्यांनी पाइप खाली टाकला.

“पास्टरजी,” भूपेंद्र म्हणाला, “माह्या घरात मोह येऊन राह्यला. मले झेपून नाई राह्यलं.”

पास्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं. “गंगा?”

“हो.”

पास्टर जवळ आले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिच्याकडून काही होते का? म्हंजे तीच तुमच्या मागं...”

इथे ‘नाई’ म्हणायला एक श्वास पुरेसा होता. भूपेंद्रनं तोंड उघडलंही. पण पास्टरांच्या चेहऱ्यावर त्याला दिसलं, की या माणसाला ‘हो’ ऐकायचं आहे. भूपेंद्रभाऊ पडला, हे ऐकण्याची त्यांची तयारीच नाही. दार त्यांनीच उघडून धरलं होतं. भूपेंद्र फक्त आत गेला.

“आज तिनं माहा हात धरला,” तो म्हणाला. “मी निंघून आलो.”

पास्टरांनी डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी गंगा कामाला आली नाही. प्रमिलाबाईंनी तिला येऊ दिलं नाही. शुक्रवारी उपासाच्या प्रार्थनेला तिला शेडमध्ये मधोमध बसवलं. कोणी तिला शिवी दिली नाही, कोणी आरोप केला नाही. पास्टर मायेनंच म्हणाले, “बहीन, सैतान कोनालेही धरते. आपन प्रार्थना करू.” सगळे उठले आणि तिच्याभोवती उभे राहिले. प्रमिलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यांनी ठेवले, ज्यांचे पोचले नाहीत त्यांनी तिच्या खांद्यावर, पाठीवर ठेवले. वासनेचा आत्मा निघून जावो म्हणून मोठमोठ्यानं प्रार्थना झाली. भूपेंद्र समोर उभा होता. त्याला डोळे मिटून घ्यायचे होते, पण एकदा ते उघडलेच. एवढ्या हातांच्या खालून गंगा त्याच्याकडे पाहत होती. रागानं नव्हे. काय चाललंय ते कोणीतरी सांगेल, म्हणून पाहावं तसं.

त्यानं डोळे मिटले आणि सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हटलं.

रविवारी पास्टरांनी त्याला साक्ष द्यायला उभं केलं. नाव न घेता त्यानं सांगितलं, मोह कसा दारात आला, देवानं पाय कसे उचलले. नाव घ्यायची गरज नव्हती. बायांनी डोळे पुसले. गंगा त्या दिवशी आली नव्हती. तिची खोली रिकामी झाली होती, आणि मंडळीतल्या ज्या दोन घरी ती धुणीभांडी करायची तिथेही तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

घरी रीता विचारायची, “गंगा?”

“गावाले गेली. माय बिमार हाये तिची,” तो म्हणायचा.

रीता त्याच्याकडे पाहत राहायची. त्या पाहण्यात प्रश्न नसायचा. पहिले काही दिवस त्यानं स्वतःची समजूत घातली, की हिला काही माहीत नाही, दुखण्यानं मन मंद झालंय. मग एका संध्याकाळी तो नेहमीसारखा तिच्या खाटेशी बसून प्रार्थना करायला लागला, आणि तिच्या चांगल्या हातानं तिनं त्याचं मनगट पकडलं. घट्ट. ओढून. त्यानं गंगाचं धरलं होतं अगदी तसं. म्हणजे त्या दुपारी तिनं भिंतीकडची मान वळवून पाहिलं होतं. मग सोडलं, आणि त्याच्या छातीवर बोट टेकवून म्हणाली, “तू.”

पुढचा शब्द तिला सापडत नव्हता. ओठ वाकडे होत होते, लाळ आली. तिनं पुन्हा बोट टेकवलं. “तू. तू.”

भूपेंद्र उठून दुकानात गेला आणि मशीनच्या आड बसून तोंडात कापडाचा बोळा कोंबून रडला.

त्या दिवसापासून रीतानं त्याच्या प्रार्थनेला ओठ हलवणं बंद केलं. गंगाच्या जागी दुसरी बाई ठेवली, ती काम करायची आणि जायची. रीताच्या पाठीला जखम झाली. हसू तर गेलंच, जेवणही कमी झालं. भूपेंद्र उपास करत राहिला. आता कशासाठी करतोय हे त्याला सांगता आलं नसतं. वासना केव्हाच गेली होती. ज्या मोहासाठी एवढं सगळं केलं तो राख होऊन उडून गेला होता, आणि हातात उरलं होतं ते त्याहून कितीतरी काळं.

शेवटी तो पास्टरांकडे गेला आणि सगळं सांगितलं. या वेळी एक शब्द लपवला नाही.

पास्टर खाली बसले. त्यांचा चेहरा पडला होता. “तिच्या डोक्यावर मी सोता हात ठेवला,” ते पुटपुटले. मग डोकं खाली घालून म्हणाले, “भूपेंद्रभाऊ, देवानं ऐकलं. तुमी पश्चात्ताप केला, क्षमा झाली. पन मंडळीत हे काढू नका. आधीच गाव आपल्याकडं वाकड्या नजरेनं पाहून राह्यलं. ह्या गोष्टीनं शेड बंद पडन. तुमच्या एकट्याच्या मनाच्या समाधानासाठी इतक्या लोकाइचा विश्वास मोडाचा का?”

भूपेंद्रच्या छातीवरचा दगड उतरला. उतरल्याचं त्याला जाणवलं, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची घृणा आली. आपण पुन्हा सुटलो म्हणून आनंदलो. पहिल्या वेळी पास्टरांनी दार उघडलं तेव्हा आत शिरलो, आणि आताही पाय उंबऱ्याकडेच वळले आहेत.

“अन् ती?” त्यानं विचारलं.

“तिच्यासाठी प्रार्थना करू,” पास्टर म्हणाले.

दुसऱ्या सकाळी त्यानं मोटरसायकल काढली आणि गिरडच्या रस्त्याला लागला. गंगाचं गाव शोधायला त्रास पडला नाही. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, सगळीकडे त्यांचा आंबूस-गोड वास भरला होता. गंगा काडीकचरा वेचत बसली होती. वाळली होती. त्याला पाहून उठली, पदर नीट केला, आणि पहिला प्रश्न विचारला, “वयनी कशी हाये?”

“बरी नाई.”

“पाठीले तेल लावता का? मी लावत होती.”

 ती पाणी आणायला वळली तेव्हा त्यानं तिला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. पास्टरांना आपण काय सांगितलं, कसं सांगितलं. आपणच हात धरला आणि आपणच नाव तिचं घेतलं. बोलताना त्याला वाटत होतं, ही आता अंगावर येईल, धोंडा मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

गंगा मटकन खाली बसली.

“मंजे तुमी सांगतलं होतं,” ती म्हणाली. “मले वाटलं, देवानं पास्टरले सांगतलं. माह्या मनातलं.”

“तुह्या मनात काय होतं? काहीच तं नव्हतं.”

“मले काय मालूम? येवढे लोक डोक्यावर हात ठेवून रडून राह्यले, तं मले वाटलं, माह्यातच असन काही. मले दिसत नसन, देवाले दिसते.” तिचा आवाज चढत नव्हता, म्हणून तो ऐकणं कठीण होतं. “मी बी आमेन म्हनलं, भाऊ. इथी आली तरी रोज आठवून आठवून पाह्यलं. केस मोकये सोडले म्हनून का? तुमचा हात गुडघ्यावर ठेवला म्हनून? तवापासून मी केस मोकये नाई सोडत.”

भूपेंद्र तिच्यासमोर खाली बसला. “मले माफ कर,” तो म्हणाला. हा शब्द तो रोज देवाला म्हणत आला होता, पण तो जिभेवर इतका जड कधी लागला नव्हता.

ती फुलांमधल्या काड्या वेचू लागली. वेचता वेचता म्हणाली, “मंडळीत सांगान?”

“काय?”

“आत्ता मले सांगतलं ते. तेवढ्याच लोकाइच्या समोर. सांगान?”

“सांगीन,” तो म्हणाला.

“सांगा मंग. माफीचं त्याच्यानंतर पाहू.” आणि तो मोटरसायकलकडे जायला लागला तेव्हा मागून म्हणाली, “मी आता प्रार्थना करत नाई, भाऊ. तोंड उघडलं की ते सगळे हात डोक्यावर येतात.”

रविवारी शेड भरलं होतं. गाणी झाली. साक्षीची वेळ आली आणि कोणी न बोलावता भूपेंद्र उभा राहिला. पास्टरांनी झटकन वर पाहिलं. त्यांच्या नजरेत विनवणी होती, पण त्यांनी अडवलं नाही. हे नंतर भूपेंद्रला नेहमी आठवायचं. कोणीच अडवलं नव्हतं.

“मी पापी हाय,” भूपेंद्र म्हणाला.

“हालेलुया,” कोणीतरी म्हणालं.

“तुमी समजता तसा मी नाई. मी फार मोठा पापी हाय. माह्यासारखा नीच मानूस ह्या शेडमधी दुसरा नाई.”

“आमेन,” चार-पाच आवाज आले. प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तो पाहत होता, समोरचे चेहरे कसे मऊ होत चालले आहेत. तो जितकं स्वतःला खाली घालत होता तितका त्यांच्या नजरेत वर चढत होता. आता पुढचं एकच वाक्य राहिलं होतं. त्यात एक नाव होतं आणि एक मनगट होतं. ते वाक्य त्यानं रस्ताभर पाठ केलं होतं. ते घशापर्यंत आलं. त्यानं त्या माणसांकडे पाहिलं. ज्याला त्यानं तंबाखूवरून झापलं होतं तो बबनराव पहिल्याच ओळीत बसला होता, डोळे मिटून, हात जोडून.

“माह्यासाठी प्रार्थना करा,” भूपेंद्र म्हणाला आणि खाली बसला.

मंडळी उठली आणि त्याच्याभोवती जमली. सभा संपल्यावर प्रमिलाबाई सुनेला म्हणत होत्या, “पाह्य, याले म्हनते नम्रता.”

तो घरी आला. रीता जागी होती. तो कुठे गेला होता, गंगाला काय कबूल करून आला होता, हे त्यानं तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि ते ऐकून तिनं कितीतरी दिवसांनी त्याच्या हातून दोन घास जास्त खाल्ले होते. आता तिच्या डोळ्यांत चक्क वाट पाहणं होतं. “सां... सांग...?” तिनं विचारलं.

“नाई,” तो म्हणाला. “जमलं नाई.”

ती रडली. तोंड लपवता येत नव्हतं, म्हणून तशीच, त्याच्यासमोर, वाकड्या तोंडानं रडली.

पुढच्या रविवारी सांगेन, असं त्यानं ठरवलं. त्या रविवारी दुसऱ्या मंडळीचे पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं तोंड उघडलं आणि आजारी लोकांसाठी प्रार्थनेची विनंती केली. वडीलपण त्यानं सोडलं, कारण सांगितलं नाही, आणि लोकांनी त्याचाही चांगलाच अर्थ लावला. मिरचीचा हंगाम आला तेव्हा दुकानात मोटर घेऊन आलेल्या गिरडच्या एका माणसानं सांगितलं, की गंगा बाकीच्यांबरोबर तेलंगणात गेली, घराला कडी आहे, परत कधी येईल ठाऊक नाही.

“कोनी लागते का तुमची?” त्या माणसानं विचारलं.

भूपेंद्रनं मोटर फिरवून पाहिली. बेअरिंग जाम होतं. “माह्या बायकोचं करत होती,” तो म्हणाला. मग थांबला. त्या अनोळखी माणसाला सगळं सांगावं असं त्याला वाटलं, अगदी पहिल्यापासून, नावासकट. पण यालाच सांगितलं तर शेडमध्ये सांगायचं पुन्हा राहून जाईल, हेही त्याच्या लक्षात आलं. त्यानं परवा या म्हणून सांगितलं, आणि मोटर उघडायला घेतली.